बहिणी समुद्र बघायला घरी येत नाहीत

मराठी चित्रपटांच्या लेखक-दिग्दर्शकांना खुलं पत्र

सप्रेम नमस्कार.

गेल्या वैशाखात, आंबे उतरवायच्या दिवसांत, आमच्या गावच्या घरी दोन मुलगे आणि एक मुलगी मोटारीने आली. लोकेशन बघत फिरत होती. घर मालवण तालुक्यात, आचऱ्याच्या अलीकडच्या एका गावात. जांभ्या चिऱ्याच्या भिंती, कौलारू छप्पर, पुढे पडवी, पडवीपुढे सारवलेलं खळं, म्हणजे अंगण. तिथे माझी मोठी बहीण एकटी राहते. तिने तिघांना कोकम सरबत दिलं. त्यांनी सगळ्या खोल्यांचे फोटो काढले, न्हाणीघरातल्या पाणी तापवायच्या चुलीचे जरा जास्तच काढले, आणि मग त्या मुलीने विचारलं, "मावशी, समुद्र कुठून दिसतो?"

ताई म्हणाली, "हयसून नाय दिसणा."

मुलगी खट्टू झाली. चार बहिणींची गोष्ट आहे म्हणाली. लग्न होऊन, परदेशी जाऊन पांगलेल्या बहिणी आईच्या वर्षश्राद्धाला समुद्रकाठच्या घरी परत येतात. शेवटचा प्रसंग खिडकीतला. चौघी खिडकीत आणि मागे समुद्र. ताईने तिची समजूत घातली: "दर्या बघूचो असलो तर किनाऱ्यार जावा. घरातसून कित्याक बघूक व्हयो?"

जाताना ती मंडळी दोन पानी कथासार आणि एक फॉर्म ठेवून गेली. ताईने दोन्हीचे फोटो मला व्हॉट्सॲपवर पाठवले. कथासार मी तीनदा वाचलं. चांगल्या मनाने लिहिलेलं आहे. लिहिणाऱ्याचा माझ्यावर काही अपराध नाही, त्या संस्थेचं नावही मी इथे घेणार नाही. पण तेच कथासार थोडं इकडेतिकडे करून मी गेल्या काही वर्षांत पडद्यावर, मालिकांत, मोबाईलवर इतक्यांदा पाहिलं आहे, की एकट्या त्या मुलीला उत्तर देऊन भागणार नाही. म्हणून हे पत्र तुम्हा सगळ्यांना.

मी तिघींमधली मधली. लग्न होऊन १९९२ साली डोंबिवलीला आले, एका सरकारी कचेरीत तीस वर्षं लोकांचे कागद तपासले, आता निवृत्त आहे. मला सिनेमातलं कळत नाही. समुद्रकाठच्या गावी परतणाऱ्या बहिणींतलं थोडं कळतं.

आधी समुद्राचं आटपते. आमच्याकडे समुद्रासमोर घर बांधणारे दोनच. एक रापणकर, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढून मासे पकडणारा, कारण त्याला पाणी वाचायचं असतं, दुसरा रिसॉर्टवाला. बाकीची घरं माडांच्या, काजूंच्या आड, वाऱ्याकडे पाठ करून बसलेली. मिरगाचा वारा सुटला की खिडकीतला समुद्र म्हणजे काय ते कळतं. आम्ही समुद्र ऐकतो. पावसाळ्यात रात्री गाज वाढली की आई अंथरुणातूनच म्हणायची, "पाणी चढलां." आणि कूस बदलायची. आम्ही तिघी बहिणींनी एकत्र किनाऱ्यावर ओढणी उडवत धावण्याचा प्रसंग आमच्या साठ वर्षांत एकदाही आलेला नाही. किनाऱ्यावर गेलो ते मासे आणायला किंवा पिंड सोडायला.

तुमच्या बहिणी गणपतीला भेटतात, हेही मला कधी पटलं नाही. चवथीला लग्न झालेली बाई सासरी असते. तिच्या सासरीही गणपती असतो, गणपतीवरच्या माटवीला कवंडळं आणि तेरडा बांधायचा असतो, दोन वेळची पंगत असते. माहेरचा गणपती लहानपणीच संपतो. आम्ही भेटायचो मेच्या सुट्टीत. कोकण रेल्वे १९९८ साली पूर्ण सुरू झाली, त्याआधी एसटीने रात्रभर; कशेडी घाटात मुलं ओकायची, सकाळी कणकवलीत अंग आंबलेलं असायचं. उतरल्यावर मिठ्याबिठ्या नाहीत. खळ्यात पाऊल टाकलं की आई आतूनच, "इलंस? पाय धू." बस. पुढचे पंधरा दिवस भांडणं, फणस, आणि बांगड्याच्या तिकल्यात तिरफळं जास्त पडली की कमी यावर मतभेद.

बहिणी एकत्र येतात म्हणजे काय, हे मी खरं पाहिलं ते आईच्या पिढीत. आईचं माहेर आचरं. तिच्या दोन बहिणी आचऱ्यातच दिलेल्या. आचऱ्याला दर तीन-चार वर्षांनी गावपळण होते, हे तुमच्यापैकी काहींना माहीत असेल. ग्रामदैवत रामेश्वराचा कौल झाला की अख्खं गाव, माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, सगळं घेऊन वेशीबाहेर पडतं. तीन दिवस, तीन रात्री गावात कोणी राहत नाही. लोक वेशीपलीकडे झोपड्या घालून राहतात किंवा शेजारच्या गावी पाहुणे होतात. मग परत कौल, आणि गाव भरतो.

त्या तीन रात्री दोन्ही मावश्या आमच्या खळ्यात असायच्या. शेळ्या पोरसात बांधलेल्या, कोंबड्या झाकणीखाली, काका लोक पत्ते कुटत मांगराकडे. आणि तीन बहिणी एका चटईवर. त्यांना स्वयंपाक होता, पण घर नव्हतं. म्हणजे आवरायला, सारवायला, राखायला काही नव्हतं. आईला मी एरवी कधी आडवं पडून बोलताना पाहिलं नाही. त्या तीन रात्री पाहिलं. काय बोलायच्या ते आम्हाला ऐकू येऊ नये म्हणून आवाज खाली घ्यायच्या, आणि मध्येच तिघी एकदम हसायच्या. मधल्या मावशीचा नवरा तिला मारायचा, हे मला त्या हसण्याच्या पुढच्या शांततेत कळलं. मी आठ वर्षांची होते. कोणी काही सांगितलं नव्हतं. फक्त आईने उठून कंदिलाची वात बारीक केली होती.

तुम्हाला बहिणींचं पुनर्मीलन हवं असेल तर असं फुकट पडलेलं आहे. आजीच्या ट्रंकेतलं जुनं पत्र कशाला?

ट्रंकेचं निघालंच आहे तर सांगते. कथासारात तिसऱ्या बहिणीला ट्रंकेत आईची डायरी सापडते. आईच्या मागे २०१७ साली आम्हीही ट्रंक उघडली. आत घरपट्टीच्या पावत्या होत्या. सुतळीने बांधलेल्या, वर्षवार. त्यातल्या आधीच्या पावत्या वडिलांच्या हातच्या. वडील २००३ मध्ये गेले, तरी पुढची प्रत्येक पावती त्यांच्याच नावाची. ग्रामपंचायतीत नाव बदलायला कोणी गेलंच नव्हतं. पावतीवर नावाखाली बारीक अक्षरात 'हस्ते' असतं, म्हणजे पैसे कोणी आणून भरले. त्याच्यापुढे दर वर्षी ताईचं नाव. चौदा पावत्या, चौदा वेळा. डायरी यापेक्षा वेगळं काय बोलली असती, मला माहीत नाही.

आता मूळ गोष्ट, जिच्यासाठी पत्र लिहायला घेतलं.

तुमच्या कथासारात एक बहीण वाईट आहे. ती दुबईहून येते, केस कापलेले, गॉगल, आल्या दिवशीच विचारते, "घराचं काय करायचं ठरवलंय?" तिला हिस्सा हवा आहे. बाकीच्या तिघी दुखावतात. शेवटी समुद्राकडे बघून तिला उपरती होते आणि ती म्हणते, मला काही नको. मग चौघी खिडकीत येतात.

आमच्याही घरात अशी एक आहे. धाकटी. दुबईला नाही, कोल्हापूरला असते. तिला उपरती झाली नाही. म्हणून आज ताईच्या डोक्यावर छप्पर आहे.

नीट सांगते. आम्ही तिघी बहिणी आणि एक दादा. वडिलांच्या मागे सातबारावर आईसकट पाच वारस लागले. पाचांचा सारखा वाटा, एक पंचमांश. मे २०११ मध्ये दादाने सगळ्यांना बोलावलं. बागायतीवर कर्ज काढायचं होतं, पाच जणांच्या सह्या दर वेळी गोळा करणं जमत नव्हतं, आणि त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. दादा वाईट माणूस नाही, हे इथे लिहून ठेवते. तुमच्या भावांना तुम्ही उगाच मिशा देता. तो म्हणाला, हक्कसोडपत्र करून टाकू, घर कुठे पळून जातंय, माहेर तुमचंच आहे.

आई तयार होती. मी तयार होते. का तयार होते? कारण मला माहेर हवं होतं. हिस्सा घेणाऱ्या बहिणीला भाऊ नसतो, हे आम्ही चुलतघरांत डोळ्यांनी बघितलेलं. मे महिन्यातले ते पंधरा दिवस, येताना बांधून दिलेले नारळ, कुळथाचं पीठ, "कधी येतंस?" म्हणून येणारा फोन, याची किंमत मी मनाशी काढली आणि एक पंचमांशापेक्षा ती जास्त भरली. लाखो बायका हाच हिशेब करतात. तो अडाणीपणा नसतो. तो हिशेबच असतो, आणि तुमच्या सिनेमात तो कधी मांडलेला नसतो. तिथे बाई एकतर लोभी असते नाहीतर त्यागी.

ताई मात्र दोन दिवस काही बोलली नाही. तिचं लग्न झालं नाही. आईचं आजारपण, मग वय, मग कोणी विचारेना. ती त्याच घरात जन्मली आणि त्याच घरात होती. तिला मी समजावलं. मी. पडवीत बसून रतांबे फोडता फोडता म्हटलं, "ताई, सगळ्यांनी मिळून केलं की बरं दिसतं. तू एकटी मागे राहिलीस तर दादाला वाईट वाटेल." ती म्हणाली, "माझी ना नाय गे." आणि रतांब्याच्या बिया वेगळ्या करत राहिली.

धाकटी आलीच नाही. फोनवर म्हणाली, "माका पैसे नको. माझां नाव थंय ऱ्हवांदे."

मालवणला गेलो, दुय्यम निबंधक कार्यालयात. दोनशे रुपयांचा मुद्रांक. तुम्ही तिथे कधी गेला नसाल तर एकदा जाऊन बसा, पटकथेच्या कार्यशाळेपेक्षा स्वस्त पडेल. बाकावर दाटीने बसलेली कुटुंबं असतात, आणि कोणतं कुटुंब विकत घेतंय, कोणतं सोडतंय, हे चेहऱ्यावरून ओळखता येतं. आमचा नंबर तीननंतर लागला. आत टेबलावर छोटा कॅमेरा, शेजारी अंगठ्याचं यंत्र. बाबू एकेकीला विचारत होता, "स्वखुशीने करताय ना?" मान वर न करता, त्याला दिवसातून साठ वेळा विचारायचं असतं. आई हो म्हणाली. मी हो म्हटलं. ताईच्या वेळी वीज गेली. यंत्र परत सुरू होईपर्यंत ती कॅमेऱ्यासमोरच्या स्टुलावर तशीच बसून राहिली, हात मांडीवर. वीज आली तेव्हा बाबू म्हणाला, "कॅमेऱ्याकडे बघा, हलू नका." ताईला आयुष्यात फोटोत हसायचं असतं एवढंच माहीत. ती हसली. दस्तावर तो फोटो आहे. सोडणाऱ्यांच्या रकान्यात आई गंभीर, मी घामाघूम, आणि ताई हसते आहे.

परत येताना दादाने खानावळीत सुरमईचं ताट खिलवलं आणि तिघींना साड्या दिल्या. ताईची अजून पिशवीत आहे.

आता थोडा कायदा. कंटाळा करू नका, यात तुमच्या कामाचं बरंच आहे. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने बापाच्या स्वतःच्या मिळकतीत मुलीला मुलाइतकाच वाटा दिला, आणि त्याच कायद्याच्या कलम २३ ने राहत्या घराचं दार ओढून घेतलं: घरात भाऊ राहत असतील, तर ते स्वतः वाटण्या करायला निघेपर्यंत बहिणीने वाटणी मागायची नाही. तिला राहता मात्र येईल, पण केव्हा, तर अविवाहित असेल, नवऱ्याने टाकली असेल, नवऱ्यापासून वेगळी झाली असेल किंवा विधवा असेल तर. महाराष्ट्राने १९९४ मध्ये वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना मुलांच्या बरोबरीने सहहिस्सेदार केलं, पण ज्यांचं लग्न आधीच झालं त्यांना वगळून. माझं लग्न १९९२ चं, धाकटीचं १९९६ चं. म्हणजे एकाच आईच्या पोटच्या, एकाच ताटात जेवलेल्या दोघींना अकरा वर्षं दोन वेगळे कायदे. ९ सप्टेंबर २००५ ला केंद्राने तो भेद काढला आणि कलम २३ ही काढलं. पुढे ११ ऑगस्ट २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की २००५ मध्ये बाप हयात होता की नव्हता याने मुलीच्या हक्काला फरक पडत नाही.

गंमत बघा. ताईसारख्या बिनलग्नाच्या मुलीला जुन्या, अन्यायी कायद्याने निदान राहण्याचा हक्क लिहून दिला होता. नव्या, न्यायी कायद्याने पूर्ण वाटा दिला. आणि पूर्ण वाटा तिने एका दुपारी, हसत, स्वखुशीने सोडला. तिला सोडायला लावणारी खलनायिका परदेशातून आलेली नव्हती. ती मी होते, आणि माझे केस लांब आहेत.

त्यानंतरची दहा वर्षं धाकटी आणि घर यांचा संबंध तुटला. आई तिचं नाव घेईना. दादा "त्या बाई" म्हणू लागला. मी मध्यममार्गी, दोन्हीकडे फोन करायचे आणि दोन्हीकडे निम्मंच सांगायचे. आईच्या आजारपणाचं तिला उशिरा कळवलं. कोणी ठरवून नाही, पण सगळ्यांनी मिळून. बाराव्याला आली ती मालवणात लॉजवर उतरली. माहेरच्या गावी लॉजवर उतरलेली बाई. हा प्रसंग तुम्हाला देऊन टाकते, मला त्याचं काही करता येत नाही.

आणि तरी तिचं नाव सातबारावर होतं. आईच्या मागे दादाने जागा विकायचं मनावर घेतलं. चिपीच्या विमानतळाची चर्चा, किनाऱ्यालगतच्या जमिनींचे भाव, दलाल घरापर्यंत येऊ लागले. सगळे खुश व्हायचे आणि सातबारा बघितला की निघून जायचे. पाचातले चार वाटे दादाचे, पण कुठले चार? घराचा, विहिरीचा, पायवाटेचा प्रत्येक चिरा पाचवा धाकटीचा. असा कागद कोणी घेत नाही. ती फोनवर कोणाशी भांडली नाही, वकील केला नाही, गावात आली नाही. फक्त तिथे राहिली, नावाने.

१६ मे २०२१. तौक्ते वादळ सिंधुदुर्गच्या किनाऱ्याजवळून गेलं. टाळेबंदी चालू. आमच्या पडवीवर माड पडला, पुढची कौलं गेली, वळईत पाणी. ताई माजघरात, वीज नाही, फोन दोन दिवस बंद. मी डोंबिवलीत नुसती टीव्हीसमोर. दादा मुंबईत करोनाने आडवा. तिसऱ्या दिवशी सकाळी खळ्यात गाडी उभी राहिली. धाकटी. ई-पास काढून, फोंडा घाटातून, डिकीत दोन ताडपत्र्या, नायलॉनची दोरी, मेणबत्त्या आणि दहा किलो तांदूळ.

मी तिथे नव्हते. दोघींकडून वेगवेगळं ऐकलं आहे. पण संवादाबद्दल दोघींचं एकमत आहे. दहा वर्षांच्या दुराव्यानंतर समोरासमोर आलेल्या दोन बहिणी. ताई पडक्या पडवीतून म्हणाली, "इलंस? पाय धू." धाकटी म्हणाली, "शिडी खंय आसा?"

एवढंच. मग पन्नाशी उलटलेल्या दोन बायकांनी शिडी लावून ताडपत्री बांधली. एकीने धरायची, एकीने चढायचं. कोण चढलं यावर अजून वाद आहे; दोघी म्हणतात, मी. संध्याकाळी फुटी कढी आणि भात. रडणं झालं का, मी विचारलं होतं. धाकटी म्हणाली, "वेळ खंय होतो?"

लेखकमंडळी, खरंच विचारते. तुम्हाला हा प्रसंग लिहायला दिला तर दोघींमध्ये किती पानं संवाद घालाल? "तू गेलीस तेव्हा मला किती एकटं वाटलं" वगैरे? आमच्याकडच्या बायका असं बोलत नाहीत. त्या माफी मागत नाहीत, माशातला चांगला तुकडा दुसरीच्या ताटात सरकवतात आणि वर "माका नको झालो" म्हणतात. त्या आभार मानत नाहीत, निघताना पिशवी जड करतात. तुम्ही त्यांच्या तोंडी पुण्याची शुद्ध भाषा घालता आणि त्यांना मनातलं सगळं बोलायला लावता. मालवणीत मनातलं बोलायला शब्द नाहीत असं नाही. ते वापरायची पाळी आली म्हणजे कोणीतरी गेलेलं असतं.

आणि बोली घातलीत तरी ती हसवण्यापुरती घालता. गडी मालवणी बोलतो, दारुडा काका मालवणी बोलतो, नायिका बोलत नाही. मी डोंबिवलीत अस्सल प्रमाण मराठी बोलते. कणकवली स्टेशनच्या जिन्यावर माझी जीभ आपोआप फिरते, आणि ताईशी बोलताना मी जी असते ती माझ्या मुलीने फारशी पाहिलेलीच नाही. एक नटी एका जिन्यात हे करून दाखवू शकेल. तुम्ही तिला ड्रोनखाली उभं करता.

टाळेबंदीतच माझ्या मुलीने मला एक जपानी चित्रपट दाखवला. हिरोकाझू कोरे-एदा यांचा, २०१५ चा, इंग्रजीत नाव 'अवर लिटल सिस्टर'. कामाकुरा हे समुद्रकाठचं शहर, जुनं लाकडी घर, तीन मोठ्या बहिणी आणि बापाच्या दुसऱ्या संसारातली चौथी, धाकटी. मला जपानी येत नाही, खालची अक्षरं वाचता वाचता अर्धं निसटलं. पण त्यात एक प्रसंग आहे. मुलींना सोडून गेलेली आई श्राद्धाला येते आणि सहज म्हणावं तसं म्हणते, घर विकून टाकलं तर? थोरलीचा चेहरा बघा. ती नर्स आहे, घर तिने सांभाळलं आहे. मी मुलीला म्हटलं, "ही ताई." परसात आलुबुखारासारख्या फळाचं एक झाड, त्याचं दरवर्षी मद्य घालायचं, बरणीवर साल लिहायचं. आमच्याकडे कोकमाच्या आगळाच्या बाटल्या असतात तशा. आणि समुद्र? समुद्रकाठी चौघी निवांत चालतात त्या अगदी शेवटी, एका ओळखीच्या बाईच्या अंत्यसंस्काराहून परतताना, काळ्या कपड्यांत. कारण त्या वाटेवर समुद्र होता म्हणून. मला ते एकदम ओळखीचं वाटलं.

नक्कल करा म्हणत नाही. हजारो मैलांवरच्या बाप्याला जे दिसलं ते इथे आमच्या खळ्यात उभं राहून तुम्हाला दिसेना, याची चुटपुट लागली, एवढंच.

तुमच्या अडचणी मला ठाऊक नाहीत असं नाही. सातबारा पडद्यावर कंटाळवाणा दिसतो म्हणाल. समुद्र स्वस्तात भव्य दिसतो. आकेरीचा वाडा एका मालिकेत दिसला आणि लोक गाड्या करून बघायला आले, म्हणजे घर दाखवलं की पर्यटनही होतं. पण कलम, फेरफार, अंगठा यांत नाट्य नाही असं वाटत असेल तर एक करून बघा. तलाठ्याची फेरफाराची, म्हणजे सातबारावरची नावं बदलायची, नोटीस येते, हरकत घ्यायला पंधरा दिवस असतात. ते पंधरा दिवस घ्या. एक बहीण त्या घरात, एक डोंबिवलीत, एक कोल्हापुरात. कोणी कोणाला फोन करत नाही. रोज संध्याकाळी थोरली दिवा लावते. चौदाव्या दिवशी डोंबिवलीची बाई फोन उचलते, नंबर लावते, आणि विचारते, "पाऊस पडलो?" मी तो फोन केला होता. हरकतीचा विषय काढला नाही. पावसाचंच बोललो.

ताई आज बासष्टची आहे. धाकटी आता मेमध्ये येते, घरीच उतरते. दादाही येतो, गेल्या वर्षी एकाच वेळी आले. दोघं एकमेकांशी ताईमार्फत बोलतात: "त्याला सांग पंप बंद कर." तो समोर असतो. विक्रीचं कोणी काढत नाही, सोडलंही नाही. तुमच्या शेवटच्या चौकटीत बसेल असं यात काही नाही, मी कबूल करते.

त्या मुलीचा दोन आठवड्यांनी फोन आला. दुसरं घर मिळालं, समुद्रासमोरचं. मनापासून सॉरी म्हणाली, गोड पोरगी आहे. सरबत फार छान होतं, असंही म्हणाली.

फॉर्म मात्र ताईने तोवर भरून ठेवला होता, त्याचाच फोटो मला आला होता. चित्रीकरणासाठी घरमालकाचं संमतीपत्र. अक्षर अजून शाळेतल्यासारखं, सुटं सुटं. 'मालकाचे नाव' या ओळीपुढे तिने आधी वडिलांचं लिहिलं, ते खोडलं. मग दादाचं आणि धाकटीचं लिहिलं. 'मालकाची सही' कोरी. तिच्याखाली छापलेलं काही नव्हतं, तिथे तिने स्वतः पेनाने एक शब्द लिहिला, 'हस्ते', आणि पुढे आपलं पूर्ण नाव.

कळावे,
डोंबिवलीची मधली बहीण